खाडाखोड

दार आतून लावलेलं होतं. मी कडी वाजवायला हात उचलला, तेवढ्यात आतून वारके सरांचा आवाज आला.

"घरी काही बोलली नाहीस ना?"

"नाही सर."

"आईला?"

"आईला तर मुळीच नाही." हा आवाज माझ्या केतकीचा होता.

कडी राहिली बाजूला, मी दारावर तळहाताने थापा मारल्या. आत खुर्ची सरकली. "बंद कर, आधी ते बंद कर," सर घाईने म्हणाले. मग दार उघडलं. वारके सर ट्रॅकसूटमध्ये, गळ्यात शिट्टी. मागे केतकी, कॉम्प्युटरच्या काळ्या झालेल्या पडद्यासमोर उभी. खोलीत आणखी कोणी नव्हतं. खिडक्यांच्या काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली.

"या ना ताई," सर म्हणाले, पण दारातून बाजूला झाले नाहीत.

"शाळा सुटून किती वेळ झाला, सर."

"जरा प्रॅक्टिस चालली होती."

"कसली?"

सरांनी केतकीकडे पाहिलं. केतकीने दप्तर उचललं. "चल ना आई, भूक लागलीय."

जिन्याखाली सुपडूभाऊ शिपाई झाडत होता. "आज लवकर सोडलं म्हना सरांनी," तो म्हणाला. "रोज तं दिवेलागणीपर्यंत बसू राहिले ना दोघं. तुम्हाले माहीत नाही का, ताई?"

मला माहीत नव्हतं. केतकी शाळा सुटल्यावर मैत्रिणीकडे, मुग्धाकडे, गणित करायला जाते, असं केतकीनेच मला सांगितलं होतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आम्ही तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याशी एका तालुक्याच्या गावात राहत होतो. ह्यांचं तिथे खता-बियाण्यांचं दुकान होतं. केतकी नववीत होती, एकुलती एक. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला माझं लग्न ठरलं, निकालाच्या आधी झालं, आणि वर्षभरात ही झाली; त्यामुळे आई म्हणून मी तशी लहानच होते आणि डोकं कायम कामाला लागलेलं असायचं. पेपरात शाळांच्या ज्या बातम्या येतात त्या लोक वाचतात आणि विसरतात. मी विसरत नसे.

त्या संध्याकाळी स्कूटीवर मागे बसलेल्या केतकीला मी विचारलं, "मुग्धाकडे का नाही गेलीस?"

"गेले होते. मग आले परत."

"रोज परत येतेस?"

ती म्हणाली, "आई, एक कार्यक्रम आहे. सरप्राइज आहे. प्लीज आता विचारू नकोस."

रात्री जेवताना मी ह्यांच्या कानावर घातलं. हे भाकरी मोडत म्हणाले, "वारके का? चांगला पोरगा आहे तो. माझ्याकडूनच नेतो घरच्या केळीला खत."

"अहो, तो पीटीचा मास्तर आहे. कॉम्प्युटर कसा काय शिकवतो? आणि दार लावून शिकवतो."

"एसी असेल."

"त्या शाळेत पंखा फिरत नाही, एसी कुठून आला?"

"तू ना, पोलिसात भरती हो. इथे तुझी हुशारी फुकट जातेय." एवढं बोलून त्यांनी वरण मागितलं.

केतकी खाली मान घालून जेवत होती. तिच्या डाव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती, भराभर, जणू अदृश्य पेटी वाजवावी तशी. मी पाहतेय असं दिसताच ती थांबली.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापिकांना भेटायला गेले. सरोदे मॅडम बोलायला गोड. त्यांनी बसवलं, चहा मागवला. शाळा सुटल्यावर कसली प्रॅक्टिस चालते, असं मी विचारलं.

"धांडे शेठ येतायत ना," त्या म्हणाल्या. "आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी. नाशिककडे कोल्ड स्टोरेजचा मोठा धंदा आहे त्यांचा. कॉम्प्युटर त्यांनीच दिले होते. आता पोरं प्रोग्रामिंग काय शिकली ते स्वतःच्या डोळ्यांनी बघणार म्हणतात. पुण्याला मे महिन्यात शिबिर असतं, तिथे आपली तीन मुलं स्वतःच्या खर्चाने पाठवणार. वारके सरांचं मानधनही त्यांच्याकडूनच येतं."

"पण मुलं शिकली का, मॅडम?"

मॅडमनी बशीत सांडलेला चहा परत कपात ओतला. "शिकतायत की. तुमची केतकी नसती तर आमचं काही खरं नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे हुशार आहे हो ती. घ्या ना चहा."

केतकीचं नाव त्यांच्या तोंडून निसटलं होतं, आणि निसटल्याचं त्यांनाही कळलं होतं. मी चहा संपवून उठले.

त्या कॉम्प्युटरांची कथा गावाला पाठ होती. आले तेव्हा बँड लावून आले. मग खोलीला कुलूप लागलं, कारण शिकवणार कोण? दसऱ्याला तेवढी खोली उघडायची. प्रत्येक मशीनला हळदीकुंकू, झेंडूचं फूल, नारळ, आणि पुन्हा फुलाफुलांच्या कापडी खोळी चढवून कुलूप. वारके सर आल्यावर पहिल्यांदा खोळी उतरल्या म्हणतात. त्यांनी संगणकाचा एक कोर्स पास केला होता, म्हणून पीटीबरोबर हेही त्यांच्या गळ्यात घातलं. एवढं मला ठाऊक होतं. तो माणूस माझ्या मुलीला एकटीला का थांबवतो, हे ठाऊक नव्हतं. आणि ते कळेपर्यंत मला अन्न गोड लागणार नव्हतं.

मग मी रांगोळीचं काम अंगावर घेतलं. पाहुणे येणार तर प्रयोगशाळेच्या दारात मोठी रांगोळी हवी, आणि मोठ्या रांगोळीला सरावही हवा, असं मी मॅडमना सांगितलं. त्यांना नाही म्हणता आलं नाही. कार्यक्रमाच्या आधीचे काही दिवस मी शाळा सुटायच्या वेळी रंगांचे डबे घेऊन जायची आणि बंद दारासमोर उकिडवी बसून ठिपके काढायची. आता आत केतकी एकटी नव्हती, नववीची सगळी तुकडी होती. तेवढ्याने थोडं बरं वाटलं. पण आत जे चाललं होतं ते ऐकून काहीच उमगेना.

"पाठ ताठ," वारके सर कवायतीच्या आवाजात सांगत होते. "नजर समोर. दहाही बोटं हलली पाहिजेत. शाहीन, छान. गौरव, हातोडा मारू नको रे, बोटं आहेत ती."

"सर, थांबायचं कधी?"

"मी खोकलो की थांबायचं. मग विचार करायचा."

"कसला विचार, सर?"

"कसलाही कर. हनुवटीला हात लाव, वर बघ. पाहुण्यांना दिसलं पाहिजे."

पोरं खिदळली. सरांनी शिट्टी फुंकली. "हसायचं नाही. जो हसेल तो बाहेर. पुन्हा पहिल्यापासून. केतकी, सगळ्यांचं मागे ने."

केतकीच्या चपलांचा आवाज एका मशीनपासून दुसऱ्याकडे गेला. ती प्रत्येकाजवळ थांबत होती, काहीतरी करत होती आणि पुढे जात होती. मी ठिपके मोजायचे विसरले. दार उघडलं तसे मला पाहून सर दचकले आणि रांगोळीचं फार कौतुक करू लागले, अजून तिथे काही नक्षी नसताना.

"काय शिकवता हो सर मुलांना?" मी विचारलं. "मलाही कॉलेजात 'सी' प्रोग्रामिंग होतं एका पेपरला. आवडेल बघायला."

सरांचा चेहरा एकदम पडला. "तुम्हाला येतं?"

"थोडंफार."

"अच्छा," ते म्हणाले, आणि केतकीकडे वळून बघितलं. केतकीने माझ्याकडे. त्या दोघांच्या नजरेत मला असं काही दिसलं की, खरं सांगते, माझ्या मनातली पहिली भीती गेली आणि तिच्या जागी दुसरी येऊन बसली. ही मास्तर आणि विद्यार्थिनीची नजर नव्हती. दोघं मिळून काही लपवणाऱ्यांची होती, आणि त्यात घाबरलेले होते ते सर.

कार्यक्रमाच्या दिवशी प्रयोगशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. पालक भिंतीला लागून उभे. धांडे शेठ मधोमध, पांढरा सफारी, कपाळावर मॅडमनी लावलेलं गंध अजून ओलं. मुलं आपापल्या मशीनसमोर बसली. वारके सर म्हणाले, "सुरू करा," आणि सगळ्या खोलीत पत्र्यावर पाऊस पडावा तसा आवाज उठला.

पडदे भरू लागले. ओळीमागून ओळी. कोणी थांबत नव्हतं, कोणी मागे जात नव्हतं. सर खोकले. सगळ्यांनी हनुवटीला हात लावले. मग पुन्हा बोटं. पालक एकमेकांकडे बघू लागले. गौरवची आई, वैशालीवहिनी, माझ्या शेजारी होत्या. "बाई गं," त्या म्हणाल्या, "याला घरी साधी टीव्हीची वायर लावता येत नाही."

फक्त माझी केतकी अडखळत होती.

ती पहिल्याच मशीनवर होती, सगळ्यांना दिसेल अशी. तिने एक ओळ लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. पडद्यावर चूक दाखवणारी लाल अक्षरं आली. ती वाकून बघत राहिली, पुन्हा खोडलं. इतरांच्या पडद्यांवर रंगीत चौकोनांची नक्षी फिरू लागली, वर 'सुस्वागतम्', तरी हिचं चाललेलंच. ही मुलगी लहान असताना वहीत एक खाडाखोड दिसली की मी ते पान पुन्हा लिहून घेत असे. अक्षर सुंदर, खाडाखोड नाही, म्हणून तिला बक्षिसं मिळालेली. आणि आज सगळ्या गावासमोर हे.

"होतं असं," वैशालीवहिनी हळूच म्हणाल्या. "गर्दीला घाबरली असेल."

धांडे शेठ तिच्यामागे येऊन थांबले. थोडा वेळ बघितलं. "हरकत नाही बेटा," ते म्हणाले. "सराव कर. ती मुलगी बघ तिकडे. एवढं लिहिलं, एक अक्षर खोडलं नाही."

ती मुलगी म्हणजे शाहीन तडवी. तिचे वडील सिकंदरभाऊ केळीच्या गाड्या भरायचे. शाहीनची बोटं खरोखर बघण्यासारखी चालत होती, एखादी तबल्यावर बसलेली मुलगी असावी तशी. शेठ तिच्याकडे वळले तसं सगळ्यांनी तिकडे पाहिलं. मीही. तेवढ्यात तिची ओढणी घसरली. तिने उजव्या हाताने ती सावरली आणि डाव्या हाताने टाइप करणं चालू ठेवलं. डावा अंगठा खालच्या लांब बटणावर आपटत होता. त्या बटणाने नुसती मोकळी जागा सुटते, एवढं कोणालाही माहीत असतं. आणि पडद्यावर शब्द उमटत होते. अख्खे शब्द, कंसांसकट, स्वल्पविरामांसकट.

मी गौरवकडे पाहिलं. तो तर दोन्ही तळवे आपटत होता. त्याच्याही पडद्यावर तेच, तसंच, न चुकता.

मग मला खोलीभर दिसायला लागलं. कुठलंही बटण दाबा, पुढची अक्षरं येतात. आधी कोणीतरी सगळं लिहून आत भरून ठेवलेलं. ही मुलं प्रोग्राम लिहीत नव्हती. ती लेझीम खेळत होती.

आणि त्या सगळ्या खोलीत चुका फक्त माझ्या मुलीच्या होत होत्या.

मी केतकीकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. मला कळलंय हे तिला कळलं होतं. तिने मान अगदी थोडी हलवली, नको अशी.

शेठजींनी तिथेच तीन नावं जाहीर केली. पहिलं शाहीनचं. टाळ्या झाल्या. सिकंदरभाऊ मागे दारात उभा होता, कामाचे केळीच्या चिकाने काळे पडलेले कपडे होते म्हणून तो आत आला नव्हता. कोणीतरी त्याला पुढे ढकललं. केतकीचं नाव तिघांत नव्हतं. कुणाला त्याचं नवलही वाटलं नाही.

पाहुणे जेवायला गेले. मी वरच थांबले. खोलीत वारके सर एका बाकावर बसलेले, आणि केतकी एकेका मशीनपाशी जाऊन काहीतरी पुसत होती.

"सर," मी म्हटलं, "तुम्ही माझ्या मुलीला हे करायला लावलंत?"

सर उठून उभे राहिले. केतकीच बोलली, पडद्यावरची नजर न काढता. "सरांनी नाही लावलं. सरांना येत नाही, आई."

"काय येत नाही?"

"प्रोग्रामिंग. म्हणून तर आम्ही थांबायचो. मी सरांना शिकवत होते." तिने पुढच्या मशीनची खुर्ची ओढली. "दार लावायचो कारण कोणी बघितलं असतं तर काय म्हटलं असतं? मास्तर मुलीकडून शिकतोय."

"आणि तुला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. सरांनी मला किल्ली दिली. बस म्हणाले, मोडलं तर मी बघतो. आधी इथे कोण बसू देत होतं?"

"ताई, चूक माझी आहे," वारके सर म्हणाले. "शेठजी येणार कळलं तेव्हा मी मॅडमना सांगायला निघालो होतो की पोरांना काही येत नाही, मलाच येत नाही. हिने थांबवलं. मॅडमना वाटतं, ही नुसती तयारीला मदत करतेय."

"मग हे कोणाच्या डोक्यातून आलं?"

सरांनी केतकीकडे पाहिलं. मी ज्याला इतके दिवस शोधत होते तो माणूस समोरच्या खुर्चीवर पाय हलवत बसला होता, दोन वेण्या घालून.

"दोन आठवड्यांत सगळ्यांना शिकवणं शक्य नव्हतं," केतकी म्हणाली. तिचा आवाज अगदी सरळ होता. "सगळ्यांना येतंय असं दाखवणं शक्य होतं. सरांना काढलं असतं तर खोलीला पुन्हा कुलूप लागलं असतं."

"मग तुझ्या मशीनवर खरं का?"

"शेठजींनी मध्येच काही बदलून दाखवायला सांगितलं तर? एक तरी मशीन खरं लागतंच." ती पुढच्या मशीनकडे वळली. "पण त्यांनी काही विचारलंच नाही. कोणीच नाही विचारलं."

"मी आत्ता खाली जाऊन त्यांना सांगते."

केतकीने शेवटच्या मशीनवरून हात उचलला. "मग मी म्हणेन, आईचा गैरसमज झालाय. सगळं पुसलंय मी."

वारके सर म्हणाले, "केतकी." फक्त एवढंच. ते माझ्याइतकेच घाबरलेले दिसले.

ती तसं म्हणाली असती. डोळ्याला डोळा देऊन म्हणाली असती, आणि लोकांनी तिच्यावर विश्वास ठेवला असता, कारण मी गावात संशयी म्हणून प्रसिद्ध होते. मी तिला हाताला धरून खाली आणलं. सकाळी मॅडमकडे जायचं, शेठजींचा नंबर घ्यायचा, असं मी मनाशी पक्कं केलं आणि तिलाही तसं सांगितलं.

दिवे लागायच्या सुमाराला सिकंदरभाऊ घरी आला. अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून. हातात पेढ्यांचा पुडा. मागे शाहीन.

"ताई, सगळ्यात आधी तुमच्याकडे आलो," तो म्हणाला. "पोरगी सांगू राहिली, केतकीनंच तिले बसवलं, बोटं कशी चालवायची ते दाखवलं. मी हिचं नाव शाळेतून काढणार होतो पुढच्या साली. घरी पोरं तीन, हातभार लागते. आता नाही काढत. आता कोणी बोललं तरी नाही काढत."

ह्यांनी त्याला बसवलं, कौतुक केलं. मी पाणी आणायला आत गेले तर शाहीन मागोमाग स्वयंपाकघरात आली. हातातला पेढा तिने तसाच मुठीत धरला होता, तो मऊ झाला होता.

"काकू," ती हळूच म्हणाली, "मला काही येत नाही. पुण्याला गेल्यावर कळेल सगळ्यांना. अब्बांना तुम्ही नका सांगू. मी सांगते." आणि थोड्या वेळाने, "कसं सांगू?"

ती माणसं गेल्यावर मी केतकीच्या खोलीत गेले. ती पुस्तक उघडून बसली होती. ती काहीही वाचत नव्हती.

"शाहीनला पुण्याला तू पाठवलंस," मी म्हटलं.

"मी नाही. शेठजींनी निवडलं."

"शेठजींनी तुझा प्रोग्राम निवडला. ती फक्त त्याच्यासमोर बसली होती."

तिने पुस्तक मिटलं.

"मे महिन्यापर्यंत तिला यायला हवं. खरं. तिघांनाही. तू शिकवायचंस, रोज. दार उघडं ठेवून. मी तिथे बसणार. नाही आलं तर जायच्या आदल्या दिवशी मी शेठजींना फोन करणार. तेव्हा तू मला खोटं ठरव, लोकांना काय वाटायचं ते वाटू दे."

"आणि सर?"

"सरही बसतील. त्यांनाही शिकायचंय ना?"

अशी ती शाळा सुटल्यानंतरची शाळा सुरू झाली. मी दारात खुर्ची टाकून बसायची, मांडीवर मेथी नाहीतर गवार निवडायला घेऊन. केतकी शिकवायला वाईट होती. चिडायची, दुसऱ्याच्या हातातून कीबोर्ड ओढून घ्यायची. "सोपं तर आहे," म्हणायची, आणि ते कोणाला सोपं नसायचं. बाकीची दोघं मुलं मुकाट ऐकायची. शाहीनचा मात्र अपमान व्हायचा. तिची बोटं पूर्वीच्या सवयीने धावायची, आणि समोर काहीच घडायचं नाही. एकदा तिने कीबोर्ड ढकलला. "त्या दिवशी सगळं आलं होतं," ती म्हणाली. "आज एक ओळ येत नाही."

वारके सर तिच्या बाजूला बसून स्वतःच्या मशीनशी झगडत होते. "शाहीन, माझी तर कालचीच चूक आजही आहे," ते म्हणाले. "तू निदान नव्या करतेस."

मी लक्ष ठेवून होते. माझा केतकीवर विश्वास नव्हता, हे मी लपवत नाही. ती शाहीनचं काम स्वतः करून देईल, पाठ करून घेईल, एखादी नवी युक्ती काढेल, असं मला सारखं वाटायचं. दोनदा मी उठून जाऊन शाहीनला विचारलंही, "ही ओळ का लिहिलीस?" पहिल्यांदा तिला सांगता आलं नाही. दुसऱ्यांदा तिने सांगितलं, पण घडाघडा. घडाघडा आलेल्या उत्तराला मी आता भीत होते.

जायच्या आदल्या दिवशी मी फोन हातात घेऊन बराच वेळ बसले. मग खाली ठेवला. खात्री होती म्हणून नाही. फोन केला असता तर ती गेलीच नसती, आणि तिला येतं की नाही हे कधी कळलंच नसतं.

शिबिराचे पहिले दिवस काही खबर नव्हती. सिकंदरभाऊ दुकानावर येऊन ह्यांना विचारून जायचा, "काही फोन?" धांडे शेठना कधी काही कळलं का, कोणी त्यांना सांगितलं का, ते मला आजतागायत माहीत नाही.

एका दुपारी फोन वाजला. मीच उचलला.

"काकू, केतकी आहे?" शाहीनचा आवाज. मागे खूप मुलांचा गलका.

"काय झालं?"

"माझा प्रोग्राम चालत नाहीये. संध्याकाळी दाखवायचाय. सगळं लाल येतंय."

आलंच, मला वाटलं. आता ही म्हणणार, तू लिहून पाठव. मी फोनचा स्पीकर लावला आणि केतकीला हाक मारली. ती धावतच आली, ओले केस, टॉवेल खांद्यावर.

"वाचून दाखव काय म्हणतंय ते," केतकी फोनवर वाकली. शाहीन वाचू लागली. केतकी डोळे मिटून ऐकत होती. तिचे ओठ हलत होते. अर्ध्यावरच तिला सापडलं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. "बरं, ऐक, तिसऱ्या ओळीच्या..."

"थांब," पलीकडून शाहीन म्हणाली. "थांब, सांगू नको."

"अगं पण मला कळलंय."

"सांगू नको म्हटलं ना."

मग पलीकडे नुसता गलका, कोणीतरी कोणाला हाक मारली, एक खुर्ची सरकली. शाहीन स्वतःशीच पुटपुटत होती. केतकी टॉवेलचं टोक पिळत होती. मी तिला गप्प राहा अशी खूण केली, आणि ती कशीबशी गप्प राहिली.

"हां," शाहीन म्हणाली. "तिसऱ्या ओळीत नव्हतं ते. दुसरंच होतं." आणि फोन बंद झाला.

केतकी बंद फोनकडे बघत राहिली. तिला राग आला होता की आणखी काही, ते मला ओळखता येईना.

"काय चुकलं होतं तिचं?" मी विचारलं.

"मला काय माहीत?" केतकी म्हणाली. "सांगितलंच नाही तिने."